गाठीचा कागद आहे, मातीचा कागद कुठे?



मागच्या उन्हाळ्यात एका नातलगाच्या साखरपुड्यासाठी मुंबईला जाणे झाले. मुक्काम लालबागच्या एका चाळीत. शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचे एक म्हातारबाबा राहतात. पंचवीस वर्षे गिरणीत काढली, ती थेट १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोपर्यंत. संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. पुढे लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. बाबांची गिरणी गेली, पण गिरणीच्या आठवणी अजून शाबूत आहेत.

मी वऱ्हाडातला कापूसवाला म्हटल्यावर बाबा हसले. म्हणाले, "म्हंजे तुमचाच कापूस आमच्या नाकातोंडात गेला की हो पाव्हणं."

मग गाठींची गोष्ट निघाली. गाठ फोडायच्या आधी तिचा कागद यायचा. कापूस कुठला, धागा किती लांब, किती बारीक, ताकद किती. त्यावरून कोणत्या गाठी एकत्र मिसळायच्या आणि त्यातून कोणत्या नंबराचे सूत काढायचे हे ठरायचे. कागदावाचून गाठीला हात लावायचा नाही, असा त्यांच्या खात्यातला दंडक. बाबांनी सगळे सांगितले आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "आनि तुमी रानात खत घालता, ते कशाचा कागद बघून घालता?"

भावांनो, मी गप्प बसलो. चाळीस वर्षे शेती केली, सभेत भाषणे केली, मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. पण या साध्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी पत्र्याच्या पेटीत सरकारी पत्रिका पडली आहे, पण तिच्याकडे बघून मी एक ओंजळही खत टाकलेले नाही. का टाकले नाही, तेच आज सांगायचे आहे.

माटुंग्याची प्रयोगशाळा

दुसऱ्या दिवशी दादरहून पुढे माटुंग्याला गेलो. तिथे पाच बागांच्या परिसरात कापसाची एक सरकारी प्रयोगशाळा आहे. १९२१ साली इंग्रज सरकारने भारतीय मध्यवर्ती कापूस समिती नेमली. त्या समितीने १९२४ साली ही प्रयोगशाळा उघडली. आता ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आहे आणि तिने शंभरी पार केली आहे. कोणत्या जातीचा कापूस किती चांगले सूत देतो हे कातून बघण्यासाठी ती काढली. जागा निवडली ती गिरणगावाच्या उशाला. माल वऱ्हाड-खानदेशातला, मराठवाड्यातला, गुजरातेतला, तपासणी मुंबईत.

या प्रयोगशाळेला नावे ठेवायची नाहीत. कापसाच्या नव्या जाती पारखण्याच्या कामी तिचा उपयोग झाला आणि होतो. सांगायचे ते वेगळे आहे. गिरणीवाल्याला कापसाची माहिती लागली तेव्हा शंभर वर्षांपूर्वी सुतासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. कापसाचा धागा मिलिमीटरात मोजला गेला. तो धागा ज्या मातीतून वर आला, ती माती शेतकऱ्याच्या हिशेबासाठी कोणी मोजली?

कोणी म्हणेल, त्या काळी माती मोजायची विद्याच नव्हती. हे खोटे आहे. माती मोजली होती, आणि वावर न वावर खणून मोजली होती. मात्र ती शेतकऱ्यासाठी मोजलेली नव्हती.

सारा घ्यायचा तेव्हा माती मोजली

१८३६ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली. ती पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली आणि १८६० नंतर वऱ्हाडातही आली. या पद्धतीत शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात जमीन खणून बघत. मातीचा रंग आणि पोत बघत, आणि मातीची खोली पावणेदोन हातांपर्यंत मोजत. खोल काळी माती म्हणजे सोळा आणे. तिथून उतरत उतरत नववी प्रत दोन आण्यांची. नुसती खोलीच नव्हे. चुनखडीचे खडे आहेत का, वाळू आहे का, जमीन उताराची आहे का, पाणी साचते का, ओढ्याच्या पाण्याने माती वाहून जाते का, हे सगळे दोष टिपून प्रत खाली आणायची अशी रीत होती.

हे कशासाठी? सारा किती बसवायचा ते ठरवण्यासाठी. आपल्या सातबारावर आजही 'आकार' म्हणून रुपये-पैसे लिहिलेले दिसतात. ते त्या मातीतपासणीचे उरलेले चिन्ह आहे. आपल्या आज्या-पणज्याच्या वावरात सरकारी माणूस पहार घेऊन आला, खड्डा खणला, खोली मोजली, चुनखडी बघितली आणि सारा लावून गेला.

म्हणजे घ्यायची वेळ होती तेव्हा सरकारला प्रत्येक वावराची खोली ठाऊक होती. गिरणीला सूत काढायचे होते तेव्हा धाग्याची लांबी ठाऊक होती. आता शेतकऱ्याला द्यायची वेळ आली. बघू या सरकार काय मोजते.

पंचवीस एकरांत एक ढेकूळ

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगडला जमीन आरोग्य पत्रिकेची योजना जाहीर झाली. सरकारी आकड्यांप्रमाणे आतापर्यंत देशात २४ कोटींच्या वर पत्रिका वाटून झाल्या आहेत. आकडा ऐकून छाती भरून यावी असाच आहे. पण या पत्रिकेसाठी मातीचा नमुना कसा घेतला ते बघा. पहिल्या दोन फेऱ्यांत बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना घेतला. कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक.

दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. पंचवीस एकरांत आमच्याकडे पाच-सात खातेदार असतात. वर बरड, मधे मुरमाड, खाली नाल्याकाठी कमरेइतकी काळी. या सगळ्यांची पत्रिका एका नमुन्यावरून.

माझीच गोष्ट सांगतो. माझी सात एकर. तीन एकर नाल्याला लागून भारी काळी, चार एकर चढावर, जिथे फूटभर खणले की मुरूम लागतो. नाल्यापलीकडे दुसऱ्याचे शेत. पत्रिका आल्या तेव्हा आम्ही दोघांनी शेजारी ठेवून बघितल्या. आकडे तेच. सेंद्रिय कर्ब तोच, स्फुरद तोच, जस्त तेच. माझ्या बरडाचा आणि त्याच्या काळीचा एकच निकाल. आणि पत्रिका हातात पडली ती श्रावणात. तोवर पेरणीचे खत देऊन झाले होते, युरियाचा दुसरा हप्ताही देऊन झाला होता. नवरदेव घोड्यावर बसला आणि मग पत्रिका जुळवायला घेतली, त्यातला प्रकार.

कोरडवाहूला दहा हेक्टर का? खताचा वापर कमी, म्हणून तपासणीही कमी, असे त्यामागचे गणित दिसते. हे गणित उलटे आहे. पाटाच्या पाण्याखालच्या सपाट रानात माती त्यामानाने सारखी असते, आणि खत थोडे चुकले तरी पाणी सांभाळून घेते. कोरडवाहूत बांध ओलांडला की माती बदलते आणि चूक सांभाळायला पाणी नसते. जिथे माती जास्त बदलते तिथे नमुने जास्त हवेत. इथे नेमके चौपट कमी.

शास्त्रज्ञांकडे नकाशे नाहीत असे नाही. मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो आपल्या नागपुरातच आहे. त्यांनी सबंध महाराष्ट्राच्या मातीचा नकाशा केला, एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर या प्रमाणात. राज्याचे नियोजन करायला तो चांगला आहे. पण त्या नकाशावर पाच एकरांचे शेत तिळाएवढेही भरत नाही. तिळाएवढ्या जागेत बरड कुठली आणि काळी कुठली हे कोण दाखवणार?

बारा आकडे, पण खोली नाही

पत्रिकेवर बारा गोष्टी तपासून देतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. सगळे कामाचे आहे. आपल्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा आठच्या आसपास किंवा वर, सेंद्रिय कर्ब कमी, नत्र कमी, उपलब्ध स्फुरद कमी, पालाश बऱ्याच ठिकाणी भरपूर, आणि जस्त-लोहाची ओढ. हे कळले तर फायदाच आहे.

पण या बारात खोली नाही. आणि कोरडवाहू शेतीत खोली म्हणजे ओल. खोल जमीन पाऊस पोटात साठवते, उथळ जमीन आठ दिवसांच्या खंडात कोरडी पडते. ओल नसेल तर टाकलेले खत पिकाला लागत नाही. आपल्या चढ्या सामूच्या जमिनीत वर फेकलेला युरिया तर हवेतच उडून जातो.

खोलीने किती फरक पडतो ते रब्बी ज्वारीच्या शिफारशीत बघा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कोरडवाहू रब्बी ज्वारीची हेक्टरी शिफारस अशी आहे. हलक्या जमिनीला २५ किलो नत्र, बाकी काही नाही. मध्यम जमिनीला ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद. भारी जमिनीला ६० किलो नत्र आणि ३० किलो स्फुरद. पालाश तिन्हींत शून्य. हलकी म्हणजे साधारण फूटभर खोल, मध्यम म्हणजे दोन फुटांपर्यंत, भारी म्हणजे त्याहून खोल. आणि हे सगळे खत पेरणीच्या वेळीच, दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली पेरून द्यायचे.

हा हिशेब एकराच्या गोणीत करून बघू.

भारी जमिनीला एकरी २४ किलो नत्र आणि १२ किलो स्फुरद लागते. म्हणजे सुमारे २६ किलो डीएपी आणि ४२ किलो युरिया. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपये आणि युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे धरली तर खर्च साधारण साडेनऊशे रुपये.

हलक्या जमिनीला एकरी १० किलो नत्र. म्हणजे २२ किलो युरिया, अर्धी गोणी. खर्च १३० रुपये.

एकच पीक, एकच गाव, एकच पाऊस. एका वावराचा खर्च १३० आणि दुसऱ्याचा ९५०. हलक्या रानात भारी रानाचे खत टाकणारा पाच एकरांत चार हजार रुपये मुरमात घालतो. आणि भारी रानाला हलक्याइतकेच खत देणारा हातचे पीक घालवतो. दोघांचेही नुकसान माहितीच्या अभावी. यात काचेची नळी नको की परदेशी यंत्र नको. पहार घेऊन खड्डा खणला की कळते. १८३६ साली कळत होते, आज पत्रिकेवर नाही.

आणि पालाश शून्य असताना ज्वारीला १०:२६:२६ का टाकले जाते? कारण त्या आठवड्यात दुकानात तेवढेच आलेले असते. आम्ही पिकाला काय पाहिजे ते घेत नाही, दुकानात काय आहे ते घेतो. वर एक गोणी मागितली की सोबत नको असलेली बाटली गळ्यात मारायची, या प्रकाराला आपल्याकडे 'लिंकिंग' हे नावसुद्धा पडले आहे. खुद्द मीच एका गोणीसाठी दोन बाटल्या घरी आणल्या आहेत.

शेतकरी अडाणी म्हणून युरिया टाकतो?

वातानुकूलित सभागृहांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. शेतकरी अडाणी आहे, युरियाचा बेसुमार वापर करतो, जमिनी बिघडवतो. याचे प्रबोधन केले पाहिजे.

आता हिशेब मांडा. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. किलोभर नत्र १३ रुपयांना पडले. डीएपीच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. नत्राचे पैसे याच भावाने वजा केले तर किलोभर स्फुरद ५३ रुपयांच्या पुढे जाते. चौपट. ज्याच्या खिशात पैसा कमी आणि मातीची माहिती शून्य, तो स्वस्त ते घेणार. याला अडाणीपणा म्हणत नाहीत, व्यवहार म्हणतात. अडाणी कोणी असेल तर हा भाव ठरवणारा.

हा भाव आभाळातून पडलेला नाही. १९९२ साली सरकारने स्फुरद आणि पालाशाची खते नियंत्रणातून मोकळी केली आणि युरिया मात्र नियंत्रणात ठेवला. एका हंगामात गणित बिघडले. देशात पालाशाच्या तुलनेत नत्राचा वापर सहापटीच्या आसपास होता तो वर्षभरात नऊपटीच्या पुढे गेला. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया बाहेरच राहिला. दोनदा तीच चूक करायची आणि दोन्ही वेळा प्रबोधन शेतकऱ्याचे करायचे!

दिल्लीत ४:२:१ असे एक प्रमाण सांगतात. चार भाग नत्र, दोन स्फुरद, एक पालाश. देशाची सरासरी बघायला असेल ते सोयीचे. पण सरासरीवर पीक येत नाही. बरडावर ४:२:१ आणि काळीवर ४:२:१, ज्वारीला ४:२:१ आणि कपाशीला ४:२:१, असे खत देणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

जास्त युरियाचा तोटा नाही असे मी म्हणत नाही. कपाशी माजते, पाने हिरवीगार लुसलुशीत होतात, तुडतुडे आणि मावा तुटून पडतात, मग फवारणीवर फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याचे खापर मी एकट्या युरियावर फोडणार नाही, कारणे अनेक होती. पण वाजवीपेक्षा माजलेल्या कपाशीत डोक्याच्या वर पंप धरून फवारणे काय असते हे आपल्याला ठाऊक आहे. खताची चूक खतापाशी थांबत नाही.

अडीच दिवसांचा पैसा

सरकारकडे पैसा नाही, असे उत्तर येईल. तर हेही आकडे ऐका. २०२२-२३ साली केंद्राने खताच्या सबसिडीवर अडीच लाख कोटी रुपये खर्च केले. त्या साली जगभर खते महागली होती हे खरे. पण २०२१-२२ पासून कोणत्याच साली हा खर्च दीड लाख कोटींच्या खाली नाही. ही सबसिडी नावाला शेतकऱ्याची आणि जमा होते कंपन्यांच्या खात्यात. जमीन आरोग्य पत्रिकेसाठी योजना सुरू झाल्यापासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत राज्यांना मिळाले सुमारे १,७०० कोटी. दहा वर्षांत.

भागाकार करून बघा. २०२२-२३ सालची खताची सबसिडी दिवसाला पावणेसातशे कोटींच्या आसपास पडते. दहा वर्षांत देशभरच्या मातीच्या तपासणीवर जे खर्च केले, ते त्या एका वर्षातल्या अडीच दिवसांच्या सबसिडीइतके. गोणीवर वर्षभर उधळायचे आणि गोणी कुठे टाकायची ते सांगायला अडीच दिवस.

प्रत्येक शेताचा वेगळा नमुना घेणे शक्यच नाही, असेही म्हणतील. २०१९-२० साली सरकारनेच तालुक्यातले एकेक आदर्श गाव निवडून खातेदारवार नमुने घेण्याचा प्रयोग केला. म्हणजे करता येते. एका गावात येते ते सगळ्या गावांत का येत नाही, एवढाच आमचा सवाल आहे.

सल्ला हवा, परवाना नको

इथे एक धोक्याची घंटा वाजवून ठेवतो. २०१८ पासून खताची गोणी घेताना दुकानात यंत्रावर अंगठा द्यावा लागतो. ते यंत्र शेतकऱ्याचा अंगठा ओळखते, त्याच्या मातीला ओळखत नाही. उद्या एखाद्या हुशार अधिकाऱ्याच्या डोक्यात येईल की पत्रिका या यंत्राला जोडावी आणि पत्रिकेवर लिहिले तेवढेच खत द्यावे. पंचवीस एकरांच्या एका ढेकळावरून माझ्या वावराचे खत बांधून द्यायचे! लेव्ही, झोनबंदी, कापूस एकाधिकार हे सगळे आपण भोगले आहे. त्यात आणखी खताचे रेशनकार्ड नको.

पत्रिका हा सल्ला आहे. तो मानायचा की नाही हे वावराचा धनी ठरवील. सल्ला चांगला असला तर तो आपसूक मानतो. गिरणीच्या खात्यात गाठीचा कागद पोलीस लावून वाचायला लावत नव्हते. कागद खरा होता, म्हणून वाचत होते.

'भाव नाही तर माती तपासून काय करू?'

हा प्रश्न आपल्याच बैठकीत येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. कापसाला भाव नाही, ज्वारीला भाव नाही, मग मातीचे दुखणे कशाला काढता, असे म्हणणारे कार्यकर्ते माझे मित्र आहेत. भावाची लढाई चालूच राहील. खताची दोन पोती वाचवून कोणाची गरिबी हटत नाही, हेही मान्य. माती तपासणी हा भावाला पर्याय म्हणून कोणी पुढे करू लागला तर त्याला तिथेच थांबवा.

पण भाव मागताना आपण उत्पादनखर्च मांडतो. तो खर्च सरकारही सरासरीने काढते आणि आपणही अंदाजाने सांगतो. ज्याला आपल्या वावराची खोली ठाऊक नाही, त्याला आपला खर्च वाजवी किती आणि वाया किती हे सांगता येत नाही. समोरचा म्हणतो, तुम्ही खत जास्त टाकता म्हणून खर्च वाढतो. त्याचे तोंड बंद करायला घोषणा पुरत नाही, कागद लागतो. मुंबईचा कापूस व्यापारी शिवडीजवळच्या कॉटन ग्रीनला सौद्याला बसला तेव्हा नमुना हातात घेऊन बसला. आपणच रिकाम्या हाताने का बसावे?

मागायचे काय आणि करायचे काय

जिल्हा बैठकीपुढे हे ठराव ठेवावेत अशी माझी सूचना आहे.

१. कोरडवाहूत दहा हेक्टरांचा चौकोन बंद करा. गट नंबरवार, आणि एका गटात माती बदलत असेल तर प्रत्येक तुकड्याचा वेगळा नमुना घ्या.

२. पत्रिकेवर जमिनीची खोली, चुनखडी आणि उतार यांची नोंद करा. खारपाणपट्ट्यात चोपणाची आणि निचऱ्याची नोंद करा.

३. निकाल मृगाच्या आधी, मे महिन्यात हातात द्या. श्रावणातली पत्रिका परत पाठवू.

४. सल्ला हेक्टरी किलोत न देता एकरी गोणीत आणि किलोत लिहा. बाजारात जे खत मिळते त्याच्या नावाने लिहा.

५. पत्रिकेची सक्ती नको, पत्रिकेवरून खत अडवणे नको.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. कपाशी उपटून झाली, ज्वारी निघाली की माती घ्या. एका प्रकारच्या जमिनीत दहा-बारा ठिकाणी नागमोडी चालत वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. बांध, झाडाखालची जागा, शेणखताचा ढीग, जनावरे बसायची जागा सोडा. खत देऊन दोन-तीन महिने झाले नसतील तर थांबा. सगळी माती गोणपाटावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवा, स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरू नका, निकाल खोटा येतो. जस्त-लोहाची तपासणी हवी असेल तर लोखंडी पहारीऐवजी लाकडी खुंटीने माती काढा. आणि जाता जाता पहारीने एक खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा आणि खोली लिहून ठेवा. जिल्ह्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात पिशवी द्या आणि पोच घ्या.

निकाल आला की साधा ठोकताळा लक्षात ठेवा. एखादे अन्नद्रव्य कमी असेल तर शिफारशीत पाव भाग वाढ, जास्त असेल तर पाव भाग कपात. आणि निकाल काहीही येवो, ओल असल्याशिवाय युरिया टाकायचा नाही, टाकला तर लगेच डवरा मारून मातीआड करायचा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने किमान पाच पिशव्या आणाव्यात. तीन भारी रानाच्या, दोन बरडाच्या. पिशवीवर गट नंबर, पीक आणि खोली लिहिलेली असावी. आपण सगळे मिळून त्या पिशव्या प्रयोगशाळेत नेऊन देऊ. त्याच शेताची सरकारी पत्रिका असेल तर तीही आणा. दोन्ही निकाल शेजारी ठेवू आणि जो फरक निघेल तो घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.

मी माझ्या दोन पिशव्या भरून ठेवल्या आहेत. एक नाल्याकाठची, एक चढावरची. काळीची खोली पहारीने मोजली ती तीन फुटांच्या वर भरली, बरडाची अकरा इंच. पुढच्या वेळी लालबागला गेलो तर म्हातारबाबांना हा कागद दाखवायचा आहे.